एका घरात चार धर्म

1857 च्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी गर्दी जमायची ती वाद ऐकायला. एका बाजूला ख्रिस्ती मिशनरी. त्यांच्यात जॉर्ज बोवेन होते, मिशनचा पगार नाकारून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे अमेरिकन गृहस्थ. समोर विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णु भिकाजी गोखले. कस्टम खात्यातली नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप करून आलेले. देव माणसाच्या रूपात येतो का, वेद खरे की बायबल, पाप दुसऱ्याने फेडता येतं का, असे विषय. ऐकणाऱ्यांत सगळ्या जातींचे आणि धर्मांचे लोक. दोन्ही पक्षांनी आपापला वृत्तांत छापला. बोवेन यांचा इंग्रजीत त्याच वर्षी आला, विष्णुबुवांच्या बाजूचा मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने नंतर आला. आपापल्या वृत्तांतात सरशी अर्थातच आपलीच.

या वादाची मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. वाद संपला की बोवेन आपल्या खोलीवर जात आणि विष्णुबुवा आपल्या मुक्कामी. दोघांनाही एकमेकांसोबत राहायचं नव्हतं. देवाबद्दल कडकडून भांडायला त्यामुळे काहीच अडचण नव्हती.

परस्परविरोधी श्रद्धा असलेली माणसं मराठीत एकमेकांशी कशी बोलली, याचा हिशेब मांडू लागलं की हाताशी जवळजवळ साडेचारशे वर्षांचा ऐवज येतो: भारुडं, पुराणं, वाद, पत्रं, आत्मचरित्रं, कीर्तनं, शेवटी कायद्याची कलमंसुद्धा. तो एकत्र वाचताना माझं मत असं झालं की देव आहे की नाही, एक की तीन, सगुण की निर्गुण, यावरचा मतभेद मराठी माणसाला फारसा जड गेला नाही. जड गेलं ते ताट, लग्न आणि मर्तिक. कोण कुणाच्या हातचं खातो, कोण कुणाला मुलगी देतो आणि मेल्यावर कोण कुठल्या रीतीने पोचवतो, या तीन ठिकाणी संवादाची परीक्षा झाली. बाकीचं बरंचसं सभाशास्त्र.

या ऐवजातलं सर्वांत गाजलेलं जुनं प्रकरण एकनाथांचं. सोळाव्या शतकात, पैठणवर मुसलमानी सत्ता असताना त्यांनी हिंदू-तुर्क संवाद रचला. दोघं एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात. तुर्क मूर्तिपूजेची आणि पुराणातल्या देवांच्या लीलांची टर उडवतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड करून नमाज का? दोघांच्या तोंडी आपापली बोली आहे, दोघांचे टोमणे सारखेच धारदार आहेत. शेवटी वाद निवतो, दोघं गळाभेट घेतात. आजही सलोख्याच्या कार्यक्रमात ही गळाभेट आवर्जून सांगितली जाते, पण त्याआधीची शिवीगाळ गाळून. मला उलट ती शिवीगाळच मोलाची वाटते. तुर्काचा आक्षेप बोथट करून न मांडणं ही एकनाथांची खरी उदारता. तरीही हे विसरून चालत नाही की दोन्ही बाजूंची वाक्यं एकाच माणसाने लिहिली आहेत. तीच गोष्ट त्यांच्या ‘जोहार’ भारुडांची. त्यांत महार बोलतो, शहाणपणाचं बोलतो, पण बोलवता धनी ब्राह्मण. चोखामेळा स्वतः बोलले त्याला तेव्हा दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता, आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर होती.

एकाने दोघांचं बोलणं लिहिण्याऐवजी दुसऱ्याने पहिल्याच्या ढंगात लिहिणं, असाही एक प्रकार झाला. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरातले. त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत लिहिला आणि वारकरी परंपरेने त्यांना आपलं मानलं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आपल्या धर्मकथांची मराठी कीर्तनं रचली. या दोन्ही ठिकाणी कुणाला कुणाचा धर्म बदलायचा नव्हता.

गोव्यात मात्र तसं नव्हतं. 1579 मध्ये इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी बहुतेक सासष्टीत काढली. 1616 मध्ये राशोल इथे छापलेलं त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचं आहे. आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या, असं एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीगुरूंना विचारल्यावरून ग्रंथाची उठावणी होते. पुढेही श्रोते शंका काढतात, गुरू उत्तरं देतात. मराठी भाषेवरचं स्टीफन्स यांचं प्रेम शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना माहीत असतं. पण त्या ब्राह्मणाच्या प्रश्नामागे काय घडलं होतं, ते क्वचित सांगितलं जातं. 1567 मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली होती. 1583 च्या जुलैत कुंकळ्ळीत चर्चसाठी जागा पाहायला गेलेले पाच जेझुइट गावकऱ्यांनी मारले. त्यांत रुडॉल्फ अक्वाव्हिव्हा होते. हेच अक्वाव्हिव्हा त्याआधी तीन वर्षं फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात होते आणि तिथे मौलवींशी, पंडितांशी रात्र रात्र वाद घालत होते. तिथे ते बादशहाचे पाहुणे होते आणि त्यांच्या मागे लष्कर नव्हतं. कुंकळ्ळीत त्यांच्या आधी देवळं पाडणारे येऊन गेले होते. माणूस तोच, श्रद्धाही तीच. ऐकणाऱ्याला नाही म्हणायची मुभा एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. पाचांचे देह ताब्यात मिळवून त्यांची उत्तरक्रिया केली ती स्टीफन्स यांनी. आणि पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना हे बोलावणं आठवत राहतं, त्याने ओवीचं सौंदर्य कमी होत नाही. पण तो संवाद बरोबरीचा होता असं म्हणवत नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या वादांना ऊत आला. 1829 मध्ये जॉन विल्सन मुंबईत आले आणि लगेच जाहीर वाद सुरू झाले. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिलं, विल्सन यांनी त्याला पुस्तकानेच उत्तर दिलं. हे सगळं छापील आणि बऱ्याच अंशी सभ्य होतं. सभ्यता संपली ती मुलं बाटू लागल्यावर. 1839 मध्ये विल्सन यांच्याकडे दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी समाज कोर्टात गेला. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहून आला होता. त्याने तिथे अन्न घेतलं, एवढ्यावरून त्याची जात गेली. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष त्यांनी पत्करला. पोरसवदा श्रीपतला त्रैक्याचा सिद्धान्त कितपत कळला होता हे कुणी विचारलं नाही. तो काय जेवला हे सर्वांनी विचारलं.

परमहंस सभेला हे नेमकं उमगलं होतं. 1849 च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृतींनी काढलेल्या या गुप्त मंडळात प्रवेश हवा तर परधर्मीयाने भाजलेला पाव खावा लागे. मूर्तिपूजेविरुद्ध चार तास बोलणं सोपं, तो तुकडा गिळणं कठीण. 1860 मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटणार या भीतीनेच सभा विरघळली. सात वर्षांनी तिच्यातल्याच काहींनी प्रार्थना समाज उघडपणे सुरू केला तेव्हा पावाची अट राहिली नव्हती. एक ईश्वर, निराकार उपासना, उत्तम प्रवचनं. घरी मुंजी आणि श्राद्धं बहुतेकांची चालू. रानड्यांसारख्या थोर माणसाची या बाबतीत झालेली ओढाताण सर्वश्रुत आहे. प्रार्थना समाजाला कमी लेखायचा माझा हेतू नाही, पण देवाविषयीचा विचार माजघराच्या उंबऱ्याशी थांबवणं ही त्यांची मर्यादा होती आणि तीच त्यांची सोयही होती.

माजघरात काय होतं हे पाहायचं तर ‘स्मृतिचित्रे’ वाचायला हवं. 1934 पासून भागाभागाने आलेलं लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र भाषेसाठी आणि विनोदासाठी वाचलं जातं. ते योग्यच. पण भिन्न श्रद्धांची दोन माणसं एका छताखाली कशी राहतात याचा इतका बारीक दस्तऐवज दुसरा नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. 1857 च्या धामधुमीत घरावर आलेल्या आघातानंतर ते जडलं, असं त्या सांगतात. मीठसुद्धा धुऊन घेणारा हा माणूस. अशा घरात वाढलेल्या मुलीचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियनाने नवा करार दिला होता, तिथून हे सुरू झालं होतं. बायकोला त्यांनी विश्वासात घेतलं नव्हतं.

नंतरची चार-पाच वर्षं लक्ष्मीबाई माहेर-सासरच्या माणसांत, मुलगा पदराशी घेऊन, वेगळ्या राहिल्या. टिळकांची पत्रं येत, कविता येत, भांडणंही होत. मग त्या नवऱ्याकडे राहायला आल्या त्या आपला धर्म आणि आपली चूल घेऊन. घर एक, स्वयंपाक दोन. टिळकांनी हे मान्य केलं, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत ख्रिस्ती कृत्य असावं. तापट, लहरी, घरातलं सामान कुणालाही देऊन टाकणारा हा कवी या एका बाबतीत थांबायला तयार झाला. पुढे लक्ष्मीबाईंचं जे मतांतर झालं त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी त्यांनी जात सोडली. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झुंजल्या आणि कुणाच्याही हातचं खायला लागल्या. येशूवर विश्वास त्यानंतर आला आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा झाला. ताटाचा प्रश्न सुटला तेव्हा देवाचा सुटला. मिशनऱ्यांची पुस्तकं हा क्रम नेमका उलटा मांडत असत.

टिळकांनी शेवटी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत त्यांनी रुजवलं, ते मात्र टिकलं. गाणं टिकतं, संस्था टिकत नाही, हे या क्षेत्रात वारंवार दिसतं.

पंडिता रमाबाईंची तऱ्हा वेगळी. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगोलग त्यांचा आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रव्यवहारातला झगडा सुरू झाला. त्रैक्य मला बायबलात सापडत नाही, ते का मानू? क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती मान सोडवली आहे, ती दुसऱ्याच्या जोखडात कशासाठी घालू? सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटे आणि अंडं न खाणं हा जुन्या धर्माचा उरलेला दंभ. इकडे पुण्यात त्याच रमाबाई सनातन्यांच्या लेखी पूर्ण बाटलेल्या होत्या. 1889 मध्ये सुरू झालेल्या शारदासदनात विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात असा बोभाटा 1893 मध्ये झाला आणि रानडे-भांडारकरांसह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं. दोन्हीकडच्यांना त्यांच्या श्रद्धेवर ताबा हवा होता. धर्मांतरानंतर त्यांच्या बाजूने महाराष्ट्रात ठामपणे बोलले होते ते जोतीराव फुले, ज्यांना ख्रिस्ती व्हायचं नव्हतं आणि हिंदू राहायचं नव्हतं.

फुल्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 मध्ये निघाला. 1888 मध्ये अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला होता. म्हणून हा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहिला. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचावेत आणि पटलं तर बौद्ध व्हावं. तिच्या नवऱ्याने बायबल वाचून वाटल्यास ख्रिस्ती व्हावं. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्म घ्यावा. आणि चौघांनी एकमेकांच्या धर्माचा हेवा न करता, एकाच निर्मीकाची लेकरं म्हणून एका घरात राहावं. सर्वधर्मसमभावाच्या भाषणांत हा परिच्छेद हमखास येतो. पण तो समभावापेक्षा पुष्कळ पुढचा आहे. समभावात चार धर्म चार आळ्यांत सुखाने नांदतात. फुले त्यांना एकाच छपराखाली आणतात, आणि निवडीचा पहिला हक्क बाईला देतात. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, बापाचा तोच पोरांचा, ही गोष्ट गृहीत धरण्याचं ते नाकारतात. जगातल्या बहुतेक धर्मसुधारकांची मजल इथवर गेलेली नाही. फुल्यांचा भर नुसत्या कल्पनेवर नव्हता. पहिला सत्यशोधक विवाह 25 डिसेंबर 1873 रोजी भटाशिवाय लागला होता, आणि असली लग्नं होऊ लागताच ओतूरच्या जोशांनी आपली दक्षिणा बुडाली म्हणून कोर्ट गाठलं होतं. वाद देवाचा दिसतो, दावा दक्षिणेचा निघतो.

विसाव्या शतकात देव न मानणारेही या बोलण्यात उघडपणे सामील झाले. सेवाग्रामचा एक प्रसंग मराठी वाचकांत फारसा माहीत नाही. आंध्रातले कट्टर नास्तिक गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, 1944-45 मध्ये गांधींकडे आले. प्रार्थनेवर आश्रम उभा असलेल्या माणसाला ते सांगत होते की देवावरचा विश्वासच माणसाला गुलाम करतो. गांधींनी त्यांना वादात हरवायचा प्रयत्न केला नाही. अस्पृश्यतेविरुद्ध गावात काय काम करता, हे खोदून खोदून विचारलं. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं. गांधींनी ते आश्रमात लावायचं कबूल केलं, मुलगी लहान म्हणून दोन वर्षं थांबायला सांगितलं, आणि विधीत ‘ईश्वर’ असेल तिथे ‘सत्य’ म्हणायला मान्यता दिली. लग्नाआधीच गांधींचा खून झाला. 13 मार्च 1948 रोजी ते लग्न ठरल्याप्रमाणे सेवाग्रामला लागलं. गोरांनी या सगळ्याचं पुस्तक लिहिलं. देवाविषयी दोघांचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही, आणि त्यावाचून अडलंही नाही, कारण दोघांचा सोयरिकीवर विश्वास होता.

याच्या बरोबर उलट बाजूला बाबासाहेब आंबेडकर. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मग एकवीस वर्षं थांबून 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. या मधल्या काळात त्यांच्याशी बोलायला कोण आलं नाही! शंकराचार्य आले, शीख आले, ख्रिस्ती बिशप आले, मुसलमान पुढारी आले. संवादाचं कौतुक करणाऱ्या आढाव्यांत ही घटना सहसा वेगळ्या प्रकरणात टाकली जाते, जणू तिचा इथे संबंध नाही. माझ्या मते तीच मध्यवर्ती आहे. पाणवठा आणि देऊळ पिढ्यानपिढ्या बंद ठेवणाऱ्याशी आत्म्याच्या एकतेवर चर्चा चालू ठेवणं हा शहाणपणा नव्हे. उठून जाणं हेही एक उत्तर असतं. आणि तरी बाबासाहेबांनी माणसं तोडली नाहीत. कीर्तनात ‘देवळात देव नाही’ असं श्रोत्यांकडूनच वदवून घेणारे, तरी गोपाळाचा गजर करणारे गाडगेबाबा त्यांच्या जवळचे होते. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. एक धर्म सोडायला निघालेला, दुसरा कीर्तनकार; मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक इमारत.

पंढरपूरचं देऊळ दलितांसाठी त्याआधी दोन वर्षं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं होतं. 1 मे 1947 ला सुरू झालेलं ते उपोषण दहा दिवस चाललं. वारीत सगळे एक, असं आपण म्हणतो, पण इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवलं आहे की त्या ज्या दिंडीत चालल्या तिथे ब्राह्मण आणि मराठा बायका एकत्र चालत, एकत्र गात, आणि स्वयंपाक वेगळा करत. पुन्हा चूलच. कर्व्यांनी दोन्हीकडे जेवण्याचा उपाय काढला. समाजशास्त्रज्ञाला शोभेल असा, आणि पोटालाही मानवणारा.

हमीद दलवाईंनी मर्तिकाचा प्रश्न अंगावर घेतला. 22 मार्च 1970 ला पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. स्वतः देव मानत नव्हते. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाबाई वेगळ्या संस्कारांत वाढलेल्या. 1977 मध्ये दलवाई गेले, आणि दफन नको, विधी नको, दहन करावं ही त्यांची इच्छा पाळली गेली. जिवंतपणी ज्यांनी त्यांचे तलाकविरोधी लेख सहन केले होते, त्यांतल्या अनेकांना हे सहन झालं नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या सगळ्यातून काय उचललं, ते नरेंद्र दाभोलकरांच्या पद्धतीत दिसतं. 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू गावोगाव एकत्र जाऊन ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ करत. लागू म्हणत, देवाला आता रिटायर करा. दाभोलकर त्याच व्यासपीठावर म्हणत, समितीची भूमिका तशी नाही. श्रद्धेच्या नावाखाली शोषण चालतं त्याला आमचा विरोध आहे. दोन नास्तिक श्रोत्यांसमोर एकमेकांशी मतभेद मांडतात, ही युक्ती मला आजही अफलातून वाटते. समोरच्या सश्रद्ध माणसाला निदान दोन खुर्च्यांमधली एक आपल्याजवळची वाटे. टीकाकारांनी याला कातडीबचाव म्हटलं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण गणपतीची मूर्ती आणि निर्माल्य नदीत न सोडता दान द्या, असं विसर्जनाच्या घाटावर उभं राहून सांगायचं तर देव आहे का, हा प्रश्न घरी ठेवूनच यावं लागतं.

जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ही चळवळ दीड दशकाहून अधिक झगडली. वारकरी संघटनांसह अनेकांचा विरोध झाला, मसुदे पुनःपुन्हा बदलले, कलमं गळली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. तो कायदा मी साहित्य म्हणून वाचायची शिफारस करतो. शेवटी जोडलेल्या अनुसूचीत बारा अघोरी प्रथा आहेत: भूत उतरवायला मारहाण, सर्पदंशाच्या रोग्याला दवाखान्यापासून रोखणं, चमत्काराच्या नावाने लुबाडणं. आणि एक कलम केवळ कशाला हा कायदा लागू नाही, हे सांगण्यासाठी आहे. प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, मिरवणुका, घरातली आणि देऊळ-दर्गा-चर्च-गुरुद्वारातली उपासना, कान-नाक टोचणं, जैनांचा केशलोच. इतकी लांब यादी कायदेशास्त्राच्या दृष्टीने अनावश्यक असेल. पण तिच्यातला एकेक शब्द हा कुणीतरी घेतलेला आक्षेप आहे आणि त्याला कुणीतरी दिलेलं उत्तर आहे. सश्रद्ध आणि अश्रद्ध यांच्यातला, महाराष्ट्रात दोघांच्याही सहीने पुरा झालेला हा एकमेव मोठा करार म्हणावा लागेल. त्याची किंमत मात्र एकाच बाजूने मोजली.

आजचं चित्र विरोधाभासी आहे. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. बायबल पुन्हा मराठीत आणणारा, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेला हा माणूस. धर्मगुरू अध्यक्ष का, म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्या आल्या, तरी संमेलन झालं आणि लोकांनी त्यांना मनापासून ऐकलं. व्यासपीठावर आपण बऱ्यापैकी पुढे आलो आहोत. नात्यागोत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेच्या सुविचाराला कुणी शंका काढली की काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. बहुतेक घरांत तोडगा एकच, त्या विषयावर बोलायचं नाही. मला हा तोडगा पूर्वी भेकडपणाचा वाटे. आता तितका वाटत नाही. आईच्या पूजेची तयारी करून देणारा नास्तिक मुलगा आणि त्याच्यासाठी नैवेद्याचं ताट आधी वाढणारी आई या दोघांनी न बोलता पुष्कळ ठरवलेलं असतं.

अडतं ते पुढे, लग्नाशी. 1850 च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणं बंद झालं. तेव्हा त्यावर केवढा गहजब झाला होता. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, 1954 मध्ये, विशेष विवाह कायदा आला. धर्म न बदलता भिन्नधर्मीयांनी लग्न करायचा देशभरात हा सरळ रस्ता. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती नोंदणी कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि कुणीही हरकत घेऊ शकतो. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्या मुलीसाठी हा महिना किती धोक्याचा असतो हे वकिलांना विचारावं. याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार अविभक्त कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन माणसाने या कायद्याखाली लग्न केलं की तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं मानलं जातं. दोघंही याच चार धर्मांतले असतील तर नंतरच्या दुरुस्तीने सूट आहे. जोडीदार मुसलमान वा ख्रिस्ती असेल तर नाही. आईबापांनी घरात घेतलं तरी कायद्याच्या लेखी घर तुटलेलं. डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला एक समन्वय समिती नेमली. सुरुवातीला तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते, ओरड झाल्यावर दोन दिवसांत ते वगळले. समितीचा घोषित हेतू दुरावलेल्या मुली आणि माहेर यांच्यात बोलणं घडवण्याचा. बोलणं सरकारी अधिकाऱ्यासमोर, एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला तिने सोडलेलं घर. लक्ष्मीबाईंना वेगळी चूल मांडायला मिळाली होती आणि चार-पाच वर्षांचा अवकाशही. सर्वधर्म परिषदा भरवणाऱ्यांनी त्यांतल्या एखाद्या परिषदेचा खर्च वाचवून ती तीस दिवसांची नोटीस आणि ते एकोणिसावं कलम काढून टाकण्याची मागणी खासदारांकडे लावून धरावी.